दुबईच्या ‘कोरड्या’ उन्हाळ्याबाबत खुलासा
दुबईतली उष्णता कोरडी असल्याने घामाचा त्रास होत नाही आणि ठाण्याच्या मे महिन्यापेक्षा ती सोसते, असा जो संदेश घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये नोकरीसाठी तिकडे निघालेल्यांना पाठवला जात आहे, तो चुकीचा आहे. हे वर्णन समुद्रापासून दूर असलेल्या रियाधचे आहे. दुबई आखाताच्या काठावर असून ऑगस्टमध्ये तेथील उथळ समुद्राचे पाणी 32 अंशांच्या वर तापते, दुपारी पारा 40 ओलांडतो आणि रात्रीसुद्धा वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताच चष्म्याच्या काचांवर वाफ धरते. अशा दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही, आणि जिवाला खरा धोका तेथेच आहे. म्हणूनच तेथे 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12.30 ते 3 उघड्यावर काम करून घेण्यास सरकारी बंदी असते.