माझ्या आजोबांचा जिल्हा ड्रॉपडाऊनमध्ये नाही

सरकारने जिल्हे हवे तेवढे तोडावेत, नावं हवी तेवढी बदलावीत. पण केलेलं निदान स्वतःच्या लक्षात तरी ठेवावं! लेकीची जात पडताळणी करायला घेतली आणि कळलं, की जो पश्चिम खानदेश चांगली पन्नासच्या वर वर्षं सरकारी दप्तरात नांदला, त्याचं नाव आज सरकारी खिडकीत कुणी ऐकलेलंसुद्धा नाही.

आमचं मूळ गाव नंदुरबारच्या अंगाला. आजोबा १९४३ साली तिथल्या मराठी शाळेत दाखल झाले. त्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळाला, त्यावर शिक्का आहे, मुख्याध्यापकांची सही आहे, जात स्वच्छ वाचता येते. जिल्ह्याच्या रकान्यात कुणा गुरुजींनी बोरूने वळणदार लिहिलंय, ‘जि. प. खानदेश’. नाशिकच्या खिडकीतल्या मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “ही जिल्हा परिषद खानदेश कुठे आली?” अहो मॅडम, जिल्हा परिषदा आल्या १९६२ च्या १ मे ला! १९४३ मध्ये लोकल बोर्ड होतं. तो ‘प’ पश्चिमचा आहे. तर म्हणे, असा जिल्हाच नाही, शाळेकडून दुरुस्त करून आणा. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीच्या रजिस्टरात खाडाखोड करायची, आणि मग खाडाखोड आहे म्हणून याच मंडळींनी आमचा पुरावा नाकारायचा. वा रे वा.

आता जरा इतिहास ऐका, कारण खिडकीत ऐकायला कुणाला वेळ नव्हता. पेशवाई बुडाली तेव्हा, १८१८ ला, इंग्रजांनी खानदेश घेतला आणि कारभार धुळ्यातून सुरू केला. एका कलेक्टरला आवरेना एवढा अवाढव्य जिल्हा, म्हणून १९०६ मध्ये त्याचे दोन केले. जळगावकडचा पूर्व खानदेश आणि धुळ्याकडचा पश्चिम. महाराष्ट्र झाल्यावर पूर्वचा जळगाव जिल्हा झाला, पश्चिमचा धुळे. पश्चिम टोकाची काही गावं त्याच वेळी गुजरातेत गेली, त्या बिचाऱ्यांचं काय होत असेल देव जाणे. पुढे १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा काढला. आमचं गाव तापीकाठच्या त्याच काळ्या जमिनीत बसलेलं आहे, तसूभर हललेलं नाही. पण आजोबांच्या कागदावर पश्चिम खानदेश, वडिलांच्या दाखल्यावर धुळे, आज तलाठ्याच्या सहीखाली नंदुरबार, आणि माझ्या आधारवर नाशिक. एवढ्यावर त्रुटी काढलीय, ‘मूळ जिल्ह्याबाबत विसंगती’. विसंगती आमची आहे का हो?

नंदुरबारला गेलो तर रेकॉर्ड रूमवाले म्हणतात, जुनं दप्तर धुळ्याला. धुळ्यात म्हणतात, जिल्हा वेगळा झाला तेव्हाच सगळं तिकडे दिलं. कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढायला गेलं की ‘साहेब मीटिंगला’. मधल्या मधे एसटीचं तिकीट माझं, बुडालेली रोजी माझी. अण्णा, म्हणजे माझे वडील, गुडघे दुखत असूनही एकदा बरोबर आले. धुळ्याच्या ओट्यावर बसून आमच्या अहिराणीत एवढंच म्हणाले, “मंग मना जिल्हा कथा गया?” मग माझा जिल्हा गेला कुठे?

आणि हे अज्ञान नाशकात! जिथे सातपूर-अंबडच्या कंपन्यांमुळे निम्मं सिडको खानदेशी आहे, जिथे दुकानात अहिराणीत भाव केला तरी चालतो. बरं, नाशिक जिल्हा तरी कुठे आभाळातून पडलाय? तोही १८६९ चा. नाशिक-सिन्नरची बाजू नगरकडून घेतली आणि मालेगाव, बागलाण, नांदगाव खानदेशातून. म्हणजे मालेगावला राहून मला ‘खानदेश कुठे आलं’ विचारणाऱ्या त्या मॅडमच्या खापरपणजोबांच्या कागदावरही जिल्हा खानदेशच निघेल. फक्त तो शोधायची वेळ त्यांच्यावर येत नाही.

दर निवडणुकीला मालेगाव जिल्ह्याची घोषणा होतेच, कधीतरी तो होईलही. त्या दिवशी सटाण्यात पेढे वाटणाऱ्यांनी आपले दाखले लॅमिनेट करून ठेवावेत. नगरचं अहिल्यानगर झालंय, संभाजीनगर झालंय. नावांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वीस वर्षांनी एखादी पोर जुना दाखला घेऊन उभी राहील, तेव्हा खिडकीतून विचारतील, “अहमदनगर? असा जिल्हा नाही.”

मागणी काय मोठी आहे माझी? जुना जिल्हा, नवा जिल्हा, बदलल्याची तारीख, असा एक तक्ता प्रत्येक खिडकीत डकवा. माहिती सरकारच्याच गॅझेटियरात छापलेली आहे. शपथपत्र मागायचं तर जिल्हा तोडणाऱ्याकडून मागा ना! अर्जाच्या ड्रॉपडाऊनमध्ये पश्चिम खानदेश टाकायला कितीसा खर्च येणार आहे? पोरीचं इंजिनिअरिंगचं ॲडमिशन व्हॅलिडिटीवर, म्हणजे या पडताळणीच्या प्रमाणपत्रावर, अडलंय, आणि कॉलेजवाले मुदत काही रबरासारखी ताणणार नाहीत.

शेवटी वैतागून नंदुरबार निवडलं आणि अर्ज पुढे सरकवला. काल मेसेज आलाय, नवी त्रुटी. आजोबांच्या १९४३ च्या पत्त्यात पिन कोड नाही. पिन कोड देशात सुरू झाला १९७२ मध्ये.