दीड किलोमीटरची फक्की

वार्षिक क्रीडास्पर्धेत सगळ्यात आधी दमतो तो पीटीचा मास्तर, आणि तेही एक पाऊल न पळता. पोरं डिसेंबरातल्या दोन-तीन दिवसांत पळून मोकळी होतात. मैदान आखण्यात मात्र त्याआधीचा अख्खा आठवडा जातो. त्या आठवड्यात शाळेसमोरून जाणारा प्रत्येक आप्पा, नाना, बापू गाडी थांबवून एकच प्रश्न विचारतो, "काय सर, रांगोळी काढी ऱ्हायनात का?" आमच्या खानदेशात या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. हसून टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात द्यायचं. तो माणूस दुसऱ्या दिवसापासून मागच्या रस्त्याने जातो.

मैदान म्हणजे आधी जमीन, आणि आमची जमीन काळी. कापसाला सोन्यासारखी असेल, पण खेळाला तिच्यासारखा वैरी नाही. पावसात ती फुगते, उन्हात आकसते आणि भेगाळते. २९ ऑगस्टला, मेजर ध्यानचंदांच्या जयंतीला, राष्ट्रीय क्रीडा दिन असतो. त्या दिवशी मैदानावर उतरलेल्या पोराच्या प्रत्येक पायाला किलोभर चिखल लागतो, म्हणून क्रीडा दिन आम्ही व्हरांड्यात भाषणाने साजरा करतो. पुढे डिसेंबरात चिखल जातो आणि भेगा येतात. खो-खोचे खांब जुलैत घट्ट रोवलेले असतात, दिवाळीनंतर तेच हलू लागतात, कारण माती आकसून खांबाभोवती बोटभर फट सोडते. मग पोरगं खांबाला वळसा घालायला जातं आणि खांबच त्याच्याबरोबर वळसा घालायला निघतो. यावर उपाय एकच. खड्डा दोन फूट खोल घ्यायचा, काढलेली काळी माती परत त्यात टाकायची नाही, मुरूम आणि खडी भरून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकायची. खांब जमिनीच्या वर १२० सेंटिमीटर राहिला पाहिजे. एवढं सगळं झाल्यावर शिपाईभाऊ त्याला वाळत घालायची दोरी बांधतात.

त्यानंतर सराटे. पावसाळ्यात मैदानभर पसरलेली ती पिवळ्या फुलांची गोजिरवाणी वेल डिसेंबरात वाळते आणि तिचे काटे मातीत दबा धरून बसतात. आमची निम्मी पोरं अनवाणी खेळतात, बूट असले तरी खो-खोला काढून ठेवतात. झाडूने सराटे निघत नाहीत, उलट मातीत मिसळतात. गोणपाट ओलं करून, त्यावर एक वीट ठेवून ते मैदानभर ओढत फिरवायचं. काटे त्यात रुततात. दर दोन फेऱ्यांनी गोणपाट उलटं करून झटकायचं, आणि झटकायचं ते कुंपणाबाहेर. पोरांना "झटका" एवढंच सांगितलं तर ती जिथल्या तिथे झटकतात, आणि आपण दोन तास काटे एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेले एवढीच कामगिरी शिल्लक राहते.

आता आखणी. मुख्याध्यापकांची समजूत अशी, की ट्रॅक म्हणजे एक मोठा लंबगोल. दोन पोरं धरली, फक्की (रेघा मारायची पांढरी भुकटी) ओतली, झालं. लंबगोल हातानं काढला तर तो किती मीटर भरला हे ब्रह्मदेवाला विचारावं लागेल. ४०० मीटरचा ट्रॅक गावातल्या शाळेला बसत नाही, म्हणून २०० चा घ्यायचा. ४० मीटरच्या दोन सरळ बाजू आणि ६० मीटरची दोन वळणं. ६० ला पायने, म्हणजे गणितातल्या π ने, भागलं की त्रिज्या १९.१० मीटर येते. पण ही पळणाऱ्याची त्रिज्या झाली, रेघेची नव्हे. पोरगं रेघेवरून पळत नाही, रेघेच्या जरा बाहेरून पळतं. आतल्या बाजूला उंच कड असेल तर त्यासाठी ३० सेंटिमीटर सोडायचे, नुसती फक्की असेल तर २०. उंच कड ज्या शाळेला परवडते तिथे लेख वाचायला कोणाला वेळ नसणार, म्हणून बाकीच्यांसाठी सांगतो: १९.१० मधून २० सेंटिमीटर वजा, म्हणजे १८.९० ची दोरी घ्यायची.

दोरी म्हणजे सुतळी नको. सुतळी ओढली की लांबते, आणि ओढणारा दहावीतला असला तर भलतीच लांबते. मग एक वळण ६० मीटरचं आणि दुसरं ६१ चं होतं, आणि शर्यतीच्या शेवटी पोरांच्या तब्येतीवर चर्चा होते. सेंट्रिंगवाल्याकडची बांधायची तार घ्यावी. मधली खुंटी लोखंडी असावी. लाकडी खुंटी काळ्या मातीत तारेच्या ओढीनं सरकते, आणि सरकलेली कोणालाच कळत नाही.

सरळ बाजू संपून वळणं सुरू होतात ते चारही कोपरे काटकोनात आले पाहिजेत. एका बाजूवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर, तिरपं अंतर ५ भरलं की काटकोन. हे सातवी-आठवीच्या गणितात आहे, पण त्यासाठी गणिताच्या सरांना मैदानावर बोलावू नये. ते सिद्धता देतात. चारही खुंट्या ठोकल्यावर ४० बाय ३७.८० चा आयत तयार होतो. त्याचे दोन्ही कर्ण मोजायचे. ५५ मीटर साडेतीन सेंटिमीटर आले तर चहा मागवायचा. एक ५४ आणि एक ५६ आला तर चहा रद्द, खुंट्या उपटायच्या.

मोजायची टेप हा स्वतंत्र अध्याय आहे. शाळेची टेप कापडी असते आणि तिचं पहिलं टोक फार पूर्वीच तुटलेलं असतं. त्यामुळे शून्यावरून मोजायची सोयच नसते, दहा सेंटिमीटरच्या खुणेवर धरायचं आणि आलेल्या आकड्यातून दहा वजा करायचे. वाचणारा दहा वजा करून आकडा सांगतो. लिहिणारा हुशार असतो, तो पुन्हा दहा वजा करून लिहितो. एकानेच वजा करायचे, आणि कोणी, हे खुंटी ठोकायच्या आधी ठरवायचं.

फक्कीचा हिशोब सांगितला की कार्यालयात हसतात. १.२२ मीटर रुंदीच्या सहा लेन म्हणजे सात रेघा. आतली जवळजवळ १९९ मीटरची, आणि बाहेर जाताना प्रत्येक रेघ साडेसात मीटरहून अधिक वाढत जाते. सातही रेघा जोडल्या तर साडेपंधराशे मीटर होतात. पाच सेंटिमीटर रुंदीची रेघ मीटरला ५० ग्रॅममध्ये बसवली, तरी ७७ किलो फक्की झाली. खो-खो, कबड्डी, गोळाफेक अजून बाकीच आहे. कार्यालय म्हणतं, "एक पोतं बस झालं, सर." मग पहिली लेन दुधासारखी येते, तिसरी ताकासारखी, पाचवीत राख मिसळावी लागते, आणि सहावी लेन हा निव्वळ श्रद्धेचा विषय राहतो. तेवढ्यात डबा आपटत पोरगं येतं, "सर, फक्की सरी गई!"

पोतं घेताना बघून घ्यावं. फक्की म्हणजे रांगोळीसारखी दगडाची भुकटी. दुकानदार "तेच शे सर, येकच" म्हणत चुन्याची भुकटी काढून देतो. कळीचा चुना घामेजल्या पायाला लागला की पोळतो आणि डोळ्यांत उडाला की थेट दवाखाना. रेघ मारायची ती सकाळी, दव असताना. दुपारी वारा सुटला की फक्की शेजारच्या तुरीवर जाऊन बसते. दव नसेल तर आधी झारीनं हलकं पाणी शिंपडायचं, दोन सुतळ्या पाच सेंटिमीटरच्या अंतराने ताणायच्या (इथे सुतळी चालते) आणि तेलाच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून त्यांच्या मधून चालत जायचं. चालताना मागे बघायचं नाही. मागे पोरगं ओरडत असतं, "सर, बकऱ्या चौथी लेनमा बठेल शेतस!"

सगळ्यात मोठा गोंधळ मात्र फक्की संपल्यावर, २०० मीटरच्या शर्यतीला होतो. बाहेरच्या लेनला फेरी मोठी पडते, म्हणून प्रत्येक लेनची सुरुवात आतल्या लेनपेक्षा ७ मीटर ६७ सेंटिमीटर पुढे घ्यावी लागते. १.२२ ला दोन पायने गुणलं की हा आकडा येतो. त्या हिशोबाने सहाव्या लेनचं पोरगं पहिल्याच्या ३८ मीटर पुढे उभं राहतं. आणि कुंपणावर बसलेल्या गावाला फक्त एवढंच दिसतं, की कोणाचं तरी पोरगं ३८ मीटर पुढे उभं केलंय. ते पोरगं जर कोणा सदस्याचा पुतण्या निघालं, तर संपलंच. पहिल्या लेनचा बाप मैदानात उतरतो. त्याला पाय समजावून सांगायचा प्रयत्न करू नये. त्याच्या हातात टेप द्यावी आणि दोन्ही लेन मोजायला लावाव्या. तो मोजतो, गप्प होतो, आणि पुढच्या वर्षी अर्जात लिहून देतो की माझ्या मुलाला सहावीच लेन द्यावी.

१०० मीटरची शर्यत सोपी वाटते. सहा लेनच्या या ट्रॅकला साधारण ९३ बाय ५३ मीटर जागा लागते आणि मैदान तेवढंच असतं, म्हणजे सरळ १०० मीटर कुठेच मिळत नाहीत. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं मोजलं तर १०७ भरतात. १०० शर्यतीचे, उरलेले ७ थांबायला. जोरात आलेलं पोरगं सात मीटरमध्ये थांबत नाही. त्याला नियमाप्रमाणेच १७ मीटर मोकळे लागतात. म्हणून सुरुवात फाटकाबाहेर रस्त्यावर घ्यायची आणि एसटीची वेळ बघून टाळी वाजवायची. आमच्याकडे पिस्तूल नसतं, दोन फळ्यांची टाळी असते. घड्याळवाल्याने टाळीचा आवाज ऐकून कळ दाबू नये. आवाजाला १०० मीटर यायला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ पोराच्या खात्यात फुकट जमा होतो. फळ्या मिटताना दिसल्या की दाबायची. पुढे उभे राहिलेले प्रेक्षक हटवायला एक तगडा शिक्षक लागतो, शक्यतो इंग्रजीचा, त्यांना सगळे घाबरतात.

लांब उडीच्या खड्ड्याचं थोडक्यात सांगतो. पावणेतीन मीटर रुंद, आठ मीटर लांब आणि फूटभर खोल खड्ड्याला सव्वादोन ब्रासच्या वर वाळू लागते. वाळूचे भाव ज्याला माहीत आहेत त्याला पुढचं सांगायची गरज नाही. सकाळी खड्डा भरलेला असतो, दुसऱ्या सकाळी तो खरोखरच खड्डा असतो, आणि गावात कुठेतरी ओट्याचं काम निघालेलं असतं.

रस्सीखेचीत मात्र भाव, जात, तुकडी काही चालत नाही. आठ विरुद्ध आठ, मधली खूण चार मीटर आपल्याकडे आली की जिंकलं. पोरांना एकच गोष्ट दहा वेळा सांगायची, की दोर हाताला गुंडाळायचा नाही. समोरून झटका बसला की बोटं अडकतात. शेवटचा गडी तोच दोर कमरेला तीन वेढे मारून उभा असतो, तोही बघायचा.

लिंबू-चमच्याला लिंबं आणू नयेत, ती शर्यतीआधीच मीठ लावून संपतात. बटाटे आणावेत.

आणि एवढं सगळं करून पळणारं पोरगं कुठे असतं? डिसेंबर म्हणजे वेचणी. ज्याच्या भरवशावर तालुक्याला जायची स्वप्नं बघितली तो आईबरोबर कापसाच्या शेतात असतो, नाहीतर दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघत उभा असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तिथले घोडे आमच्या २०० मीटरपेक्षा केव्हाही बघण्यासारखे असतात. शर्यतींची तारीख यात्रा आणि बाजाराच्या वारात न बसवणं हे क्रीडाशिक्षकाच्या हातात असतं, एवढंच म्हणतो. तारीख ठरवतात पाहुणे, ही गोष्ट वेगळी.

पाहुणे दहाचे सांगून साडेबाराला येतात. संचलनाची पोरं नऊपासून सावधानमध्ये उभी असतात. "दाहिने मुड" म्हटलं की निम्मी दाहिने, निम्मी बायें, आणि एक हमखास डावा हात-डावा पाय बरोबर टाकणारं. ते पुढच्या रांगेत ठेवू नये. मागच्याही नको, मागून सगळा गाव बघत असतो. मधल्या रांगेत, दोन उंच पोरांच्या मध्ये. नारळ फोडायचा दगड आदल्या दिवशी टोकदार बघून ठेवावा, आणि तो फक्कीच्या रेघेपासून लांब ठेवावा. पाहुण्यांनी पहिल्याच लेनवर नारळ फोडला तर पाण्यानं तिथली रेघ धुऊन जाते आणि पुढची पोरं खोबऱ्याच्या दिशेने पळतात.

स्पर्धा संपल्या की दुसऱ्याच दिवशी मैदानावर कोणाच्या तरी लग्नाच्या मांडवाच्या बल्ल्या येतात. त्याआधी एक काम उरकून घ्यावं. दोन्ही वळणांच्या केंद्रांवर, मधली खुंटी होती तिथे, लोखंडी सळईचा तुकडा जमिनीखाली वीतभर ठोकून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वर्षी काटकोन, कर्ण, टेप या भानगडी निम्म्याने वाचतात. सळई सापडायला तिचं अंतर दोन पक्क्या जागांपासून मोजून क्रीडा रजिस्टरात लिहायचं. निंबापासून मोजू नये, तो रस्ता रुंदीकरणात जातो. शौचालयाच्या भिंतीपासून मोजू नये, दर नव्या योजनेत ते नव्या जागी बांधतात. एक माप ध्वजस्तंभापासून घ्यावं, त्याला कोणी हात लावत नाही. दुसरं शाळेच्या कोनशिलेपासून घ्यावं, तिच्यावर पुढाऱ्याचं नाव आहे.