पोटाला दात नसतात

जेवण अंगी लागलं नाही की सगळा दोष पोटाला. पोट जड झालं, पोटात गॅस धरला, पोट साथ देत नाही. तोंडाची चौकशी कुणी करत नाही. खरं तर पचनाच्या या लांबलचक वाटेवर आपल्या मर्जीने चालणारा टप्पा जवळजवळ हा एकच आहे (दुसऱ्या टोकाचं थोडंफार नियंत्रण सोडलं तर!). आणि नेमका तोच आपण मोबाईलकडे बघत उरकून टाकतो.

जिभेने घास मागे ढकलला की आपला अंमल संपला. मऊ टाळू वर जाऊन नाकाची वाट बंद करते, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिकेच्या तोंडावर झाकण येतं आणि श्वास क्षणभर थांबतो. घास तोंडात ठेवून गप्पा मारताना ठसका लागतो तो ही वेळ चुकल्यामुळे. पुढे अन्ननलिकेचे स्नायू काही सेकंदांत घास जठरात पोचवतात. अगदी डोकं खाली पाय वर केले तरी.

म्हणजे जे काही करायचं ते त्याआधी. पटाशीचे दात तोडतात, सुळे फाडतात, दाढा दळतात. पण हे पीठ मळायचं काम लाळेचं. कानांच्या पुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या, शिवाय गालांत, ओठांत शेकडो बारीक ग्रंथी. सगळ्या मिळून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. तिच्यात ९९ टक्के पाणीच, पण उरलेल्या एका टक्क्यात काय काय आहे! पिष्टमय पदार्थ फोडून त्यांची साखर करू लागणारं अमायलेज आहे, जंतूंच्या भिंती फोडणारं लायसोझाइम आहे, आम्लाचा जोर कमी करणारं बायकार्बोनेट आहे, दातांच्या एनॅमलची झीज भरून काढणारं कॅल्शियम आहे. आणि चव? अन्नातले चवीचे कण लाळेत विरघळल्याशिवाय जिभेला काहीच कळत नाही. भाताचा साधा घास न गिळता चावत राहा, थोड्या वेळाने गोडसर लागेल. ते अमायलेजचं काम.

आता इथे काही जण उत्साहाने सांगतात की अर्धं पचन तोंडातच होतं. नाही होत. प्रथिनांना तोंडात कुणी हात लावत नाही, आणि पिष्टाचं बहुतेक काम पुढे स्वादुपिंडातून येणारं अमायलेज लहान आतड्यात करतं. तोंडाचं खरं मोल बारीक करण्यात आहे. तुकडा जितका लहान, तितका पाचकरसांना भिडायला पृष्ठभाग जास्त. जठर घुसळतं, आम्ल ओततं, पण दाढेचं काम त्याला दाढेसारखं जमत नाही. न चावलेले मक्याचे दाणे दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे बाहेर येतात, यापेक्षा रोखठोक पुरावा कोणता हवा?

तरी ‘एक घास बत्तीस वेळा चावा’ हा हिशेब मात्र मला पटत नाही. पिकलेलं केळं आणि कच्चं गाजर यांना एकच आकडा कसा लागू होईल? अमेरिकेत शंभरेक वर्षांपूर्वी होरेस फ्लेचर नावाचे गृहस्थ अन्नाचं पाणी होईपर्यंत चावायला सांगत. त्यांना अनुयायीही भरपूर मिळाले. बिचाऱ्यांनी जेवताना गप्पा कधी मारल्या असतील, देव जाणे. घास मऊ, ओला, एकजीव झाला की गिळावा. ते जिभेला कळतं, मोजायची गरज नाही.

एका गोष्टीकडे मात्र घरातल्या वयस्कांच्या बाबतीत जरूर लक्ष द्या. त्यांनी जेवण कमी केलं की आपण म्हणतो, वयामुळे भूक मेली. पुष्कळदा भूक असते, पण तोंड कोरडं पडलेलं असतं. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, लघवीवर ताबा ठेवणाऱ्या कित्येक गोळ्यांनी लाळ आटते. मग कोरडा घास घशाखाली उतरत नाही, चव लागत नाही, दात भराभर किडतात, कवळी टोचते. गोळी मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना ‘तोंड कोरडं पडतं’ हे वेगळं सांगा. ते विचारतीलच असं नाही.