त्या स्टीलच्या तारा काढा आधी!

परत तेच. रविवारी खानापूरला एक जुनी क्लासिकल गिटार बघायला गेलो. "अँटिक पीस आहे, घेऊन जावा की! आवाज बघा कसा खणखणीत!" खणखणीत असणारच, नायलॉनच्या तारांच्या गिटारवर स्टीलच्या तारा चढवल्यात! ब्रिजमागची, म्हणजे तारा ज्या लाकडी पट्टीला बांधतात तिच्यामागची, फळी पोट सुटल्यासारखी फुगलेली. ब्रिज उपटून येऊ नये म्हणून त्यात दोन स्क्रू पिळलेले, एकाच्या डोक्याला गंज.

अहो, नायलॉनच्या सहा तारांचा ताण साधारण 40 किलो. स्टीलच्या नेहमीच्या संचाचा 70 च्या आसपास. वरची फळी जेमतेम अडीच मिलिमीटर, आतल्या पट्ट्या नाजूक, मानेत बहुतेक वेळा लोखंडी सळईसुद्धा नसते. किती दिवस तग धरणार ती? त्यात आपल्याकडचा पावसाळा, चार महिने लाकूड ओल धरून.

आणि दुरुस्तीचे ते प्रकार! मागच्या वर्षी शहापुरात बघितलेल्या गिटारवर ब्रिज चिकटवायला एपॉक्सी, तो दगडासारखा घट्ट होणारा गोंद, ओतलेली. सरसानं बसवलेला ब्रिज शेक देऊन अलगद सुटतो, पुन्हा नीट बसतो. एपॉक्सी सोडवायला गेलं की फळीचे तुसेच निघतात. मिरज काय लांब आहे? तिथं पिढ्यान्‌पिढ्या सतारी-तंबोरे घडवणारे हात आहेत, निदान त्यांना विचारा तरी! लाकूड म्हणजे काय ते त्यांना कळतं.

नायलॉनचा संच काही शे रुपयांत मिळतो हो.

घेतलीच शेवटी ती गिटार. घरी आल्या आल्या, चहासुद्धा न घेता, आधी तारा उतरवल्या.