गाऱ्हाण्याला कंट्रोल ग्रुप कुठून आणायचा?

बाबांच्या बायपासच्या आदल्या दिवशी आमच्या पेडण्याच्या देवळात गाऱ्हाणं घातलं. नाव, घर, वाडा, दुखणं, ऑपरेशन कुठे, सगळं देवाच्या कानावर घातलं आणि मागून सगळे ‘होय महाराजा’ म्हणाले. आईने मंगेशीला अभिषेक बोलला. शेजारच्या आंटी बांबोळीच्या फुलांच्या खुरसापाशी, म्हणजे तिथल्या क्रॉसपाशी, मेणबत्ती लावून आल्या. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं.

परवा घरच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘प्रार्थनेने रोग बरा होतो, विज्ञानाने सिद्ध केलं.’ नाही हो, केलेलं नाही. श्रद्धा असूनही हे सांगावंसं वाटतं.

डॉ. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतली सहा रुग्णालयं, बायपासचे १८०२ रुग्ण. एका गटासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी नाही (हाच तुलनेसाठीचा कंट्रोल ग्रुप), आणि आपण नेमके कोणत्या गटात आहोत हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या गटाला मात्र ‘तुमच्यासाठी प्रार्थना होणार’ असं स्पष्ट सांगितलं होतं. महिन्याभरातल्या गुंतागुंतीचं प्रमाण पहिल्या दोन गटांत ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्यात ५९! ‘माझ्यासाठी प्रार्थना करावी लागतेय, म्हणजे मी इतका आजारी आहे का?’ या धास्तीने तसं झालं असेल, अशी शक्यता मांडली गेली. नक्की कारण हाती लागलं नाही.

पण मला अडतं ते त्याच्या आधी. प्रार्थना करणारे अनोळखी लोक होते. त्यांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर दिलेलं, आणि चौदा दिवस म्हणायचं वाक्य ठरवून दिलेलं. औषधाची गोळी सगळ्यांना सारखी देता येते. प्रार्थनेची मात्रा कशी मोजणार? आणि ‘प्रार्थना नसलेल्या’ गटातल्या माणसांच्या आया, बायका, मुली त्या रात्री काय करत होत्या? त्यांना थांबवणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. आमच्या बाबांना त्या गटात घालायचं म्हटलं असतं, तर आधी अख्खा वाडा गप्प करावा लागला असता.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इस्रायलचे डॉक्टर लिओनार्ड लायबोविची यांनी तर चार ते दहा वर्षांपूर्वी रुग्णालयात येऊन गेलेल्या ३३९३ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांसाठी प्रार्थना करवली आणि बाकीच्यांपेक्षा त्यांचा ताप व रुग्णालयातला मुक्काम कमी भरल्याचं आकड्यांत दाखवलं! शास्त्राच्या चौकटीत न बसणारा प्रश्न आकडेमोडीत घातला की काय निघतं, हेच त्यांना दाखवायचं होतं. असे आकडे पुरावा म्हणून फॉरवर्ड होतात, तेव्हा खरंच वाईट वाटतं. त्यावर भिस्त ठेवून कुणी गोळ्या बंद केल्या तर?

अभ्यास जरूर व्हावा, पण जे दिसतं, मोजता येतं त्याचा. गाऱ्हाणं घातल्याचं कळलेला माणूस ऑपरेशनच्या आदल्या रात्री किती झोपतो? त्याची भीती कमी होते की वाढते? आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या आईचं काय? बाबांना आम्ही फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग त्यांनी विचारलं, “गाऱ्हाण्याला कोण कोण होते?” आईने एकेक नाव घेतलं, आणि ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.