बॅटमॅनला मुंबईत वाढलेला लेखक मिळाला

जुलै २०२२ मधल्या १०६२ व्या अंकापासून ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ हे चित्रकथांचे मासिक राम व्ही लिहिणार, ही आपल्या लेखातली बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला. १९३९ साली ज्या मासिकाच्या २७ व्या अंकात बॅटमॅन पहिल्यांदा अवतरला, त्याच मासिकाची सूत्रे मूळच्या मुंबईकर लेखकाकडे जावीत, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

मात्र मला अधिक भरवसा वाटतो तो त्यांच्या आजवरच्या लेखनामुळे. ‘द मेनी डेथ्स ऑफ लैला स्टार’मध्ये नोकरी गमावलेली मृत्युदेवता मुंबईतल्या एका तरुणीच्या देहात येते, आणि त्यातला एक भाग तर चक्क पेटलेल्या सिगारेटच्या तोंडून सांगितला जातो, शहरातल्या निर्जीव वस्तूंनाही बोलते करण्याची ही हातोटी बॅटमॅनच्या गॉथमसारख्या नगराला किती शोभून दिसेल! ‘स्वॅम्प थिंग’ या चित्रकथेतही त्यांनी लेव्ही कामेई हा भारतीय वंशाचा नवा नायक उभा केला, पण तो नावापुरता भारतीय न ठेवता मायभूमीशी तुटलेले नाते हाच कथेचा गाभा केला.

बॅटमॅनच्या या नव्या पर्वासाठी गॉथिक ऑपेराच्या, म्हणजे गूढ-भयाण संगीतनाट्याच्या, धाटणीची कथा आणि राफाएल अल्बुकर्क यांची चित्रे, हा योग तर मला फारच मोलाचा वाटला. हाणामारीपेक्षा थकत चाललेल्या ब्रूस वेनच्या, म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमॅनच्या, मनात डोकावणारी गोष्ट त्यांनी सांगावी, आणि संपादकांनी तिला पुरेसे अंक द्यावेत, एवढीच इच्छा होती. जुलैमधला त्यांचा पहिला अंक छापील स्वरूपातच घ्यायचे मी ठरवले होते.