प्लग बदलण्याआधी विचारा, गाडी बंद पडली कशी

"गाडी चालता चालता बंद पडते? प्लग बदला. नाही जमलं तर आयडलिंग वाढवा. तरीही बंद पडली तर चोक अर्धा ओढून चालवा. बहुतेक गाड्या एवढ्यानेच बऱ्या होतात." मोटरसायकलवाल्यांमध्ये हा मजकूर सतत फिरत असतो. यातला एकेक सल्ला तपासून बघू, कारण भर रहदारीत वळणावर इंजिन गेलं की काय होतं ते मी अनुभवलंय.

आधी प्लग, म्हणजे इंजिनमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा स्पार्क प्लग. प्लग बदलल्यावर गाडी सुरू होते, हे खरं आहे. पण का होते? माझी गाडी वीसेक मिनिटं छान चालायची, मग गचके खात, दम लागल्यासारखी मरायची. नवा प्लग टाकला की लगेच सुरू! दोन प्लग असे घातले. तिसऱ्या वेळी प्लगला हात न लावता टाकीचं झाकण उघडलं, तर फुस्स करून हवा आत ओढली गेली. झाकणातलं हवेचं बारीक छिद्र मातीने बुजलं होतं. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला हवी. ती न आल्याने टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल उतरणंच थांबायचं. मी प्लग बदलेपर्यंत हवा हळूहळू आत झिरपायची, आणि श्रेय प्लगला मिळायचं.

प्लगला विजेचा दाब देणारी इग्निशन कॉइल किंवा ठिणगीची वेळ कळवणारी पिकअप कॉइल गरम झाल्यावर काम सोडून देते, तेव्हाही हीच फसगत होते. आतली तार तापून तुटक होते, ठिणगी जाते. दहा मिनिटं पाना फिरवेपर्यंत कॉइल गार होते आणि गाडी चालू. म्हणून ठिणगी बघायची तर गाडी बंद पडल्या पडल्या, त्याच मिनिटाला बघा. कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग असलेल्या) गाडीवर जवळचा जादा प्लग वायरच्या टोकाच्या कॅपमध्ये खोचा, त्याची धातूची बाजू इंजिनला टेकवा, हात लांब ठेवा आणि किक मारा. आसपास पेट्रोल सांडलेलं नको, टाकीचं झाकणही बंद हवं. ठिणगी कडक निळी दिसली तर पेट्रोलच्या वाटेने शोध घ्या.

काढलेला प्लग फेकून देऊ नका, बघा. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, एअर फिल्टर तुंबलेलाही असेल. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी. तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर आहे, दोष बहुधा दुसरीकडे आहे.

"आयडलिंग वाढवा." आयडलिंगचा स्क्रू फक्त ॲक्सिलरेटर सोडलेला असतानाचा वेग ठरवतो. पन्नासच्या वेगात इंजिन मरत असेल तर त्या स्क्रूचा काही संबंधच येत नाही. सिग्नलला उभी असताना मरत असेल, तर स्लो जेट (कमी वेगाला पेट्रोल सोडणारं कार्बोरेटरमधलं बारीक छिद्र) कचऱ्याने बुजलेला, मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या नळीच्या) रबराला चीर गेलेली किंवा टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट) घट्ट झालेले असू शकतात. वेग वाढवला की हे झाकलं जातं, दुरुस्त होत नाही.

चोकचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. चोक हवा कमी करतो, मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. चोक ओढल्यावर गाडी सुधारली तर ती खूण आहे: कुठून तरी जास्त हवा शिरतेय किंवा पेट्रोल कमी येतंय. तो उपचार म्हणून वापरत राहिलात तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि प्लगवर काजळी धरते. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीला तर ओढायला चोकच नसतो. तिथे इंजिनचा इशारा दिवा आधी बघायचा.

आणि हा मजकूर ज्याबद्दल चकार शब्द काढत नाही ते म्हणजे वायरिंग. बटण दाबून बंद केल्यासारखं इंजिन एका क्षणात गेलं, आधी गचका नाही, दम लागणं नाही, तर पहिला संशय विजेवर घ्यावा. बॅटरीचं टर्मिनल सैल, फ्यूज ढिला, किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच) खराब. गिअर टाकताच मरत असेल तर साइड स्टँडचा स्विच बघा, त्यात चिखल बसतो. हँडल वळवताना मरत असेल तर हँडलच्या मानेजवळचा वायरचा जुडगा बघा. प्रत्येक वळणाला तो वाकतो, वरचं आवरण शाबूत राहतं आणि आतलं तांबं तुटतं. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मग जुडगा बोटांनी थोडा थोडा दाबत वर सरका. ज्या जागी न्यूट्रलचा दिवा लुकलुकला आणि इंजिन अडखळलं, तिथेच खडूने खूण करा आणि मेकॅनिकला तीच जागा उघडायला सांगा.